बॅजर ओढ्याकडे कोणीच जात नाही

व्हर्ल स्टोक्सने जीप क्लबातल्या सगळ्यांसाठी हरकतीचं एकच पत्र छापून आणलं होतं. प्रत्येकाने खाली फक्त सही ठोकायची. शनिवारी दुपारी अग्निशमन केंद्राच्या खोलीत लारूबाईंनी ते वाचलं, उलटं ठेवलं आणि त्यावर आपला लिंबू सरबताचा ग्लास टेकवला.

"गेल्या वेळीही हेच केलंत. गठ्ठाभर पत्रं गेली, सरकारी जमीन कार्यालयाने ती सगळी मिळून एकच धरली आणि रस्ता बंद झाला. आता प्रत्येकजण आपापलं लिहील."

निम्म्या खोलीला बाईंनी तिसरीत शिकवलं होतं. साठी-सत्तरीची माणसं गुपचूप पेन शोधू लागली.

या वेळी पाळी बॅजर ओढ्याच्या रस्त्याची होती. हरकती नोंदवायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. रस्ता बंद झाला, तर टोकाच्या चिलगोज्यांच्या, म्हणजे खायच्या पाइन-बियांच्या, झाडांपर्यंत चालतच जावं लागलं असतं, आणि व्हर्लच्या बायकोचे, अर्विलाचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लग्न झाल्यापासून तिचा एकही हंगाम चुकला नव्हता.

व्हर्लने दणकून लिहिलं. बाईंनी चष्मा वर केला.

"व्हर्ल, स्वातंत्र्य हा शब्द प्रत्येक ओळीत आहे. त्यांना स्वातंत्र्य बंद करायचं नाही रे, रस्ता बंद करायचाय. त्या रस्त्याने तू जातोस कुठे? कशासाठी? गाडी का लागते? ते सांग."

"असंच. फिरायला."

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या त्या भागात माणूस आपलं मत कोणाला दिलं ते सांगेल, पण चिलगोजे कुठे वेचतो ते सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

अर्ध्या तासाने बाईंनी कागद गोळा केले आणि नावं न घेता वाचायला लागल्या.

"'इतक्या वर्षांत तिथे मला दुसरा माणूस दिसला नाही.' बरं. 'याहून एकांत जागा जिल्ह्यात नाही.' छान. 'हा रस्ता माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नाही.'" त्यांनी सगळे कागद चाळले. "सगळ्यांनी तेच लिहिलंय. आता मी कार्यालयातली बाई आहे असं समजा. या रस्त्याने कोणी जात नाही, असं तुम्हीच मला लिहून देताय. मग मी काय करू?"

"बंद," कोणीतरी पुटपुटलं.

मग गेलन खाकरला.

"व्हर्ल, तुझी हिरवी जीप मी दरवर्षी त्या खडकामागे बघतो."

"मी सावलीला उभा असतो."

"बर्फ पडत असताना?"

"आणि तू रे? तुझा लाल ट्रक झुडपात शिरलेला मीही पाहिलाय. त्याच्यावर फांद्या टाकल्या होत्यास."

मग एकेकाला कंठ फुटला. अमक्याची धूळ दिसली म्हणून तमका ओढ्यात उतरला होता. एकजण तर गाडीत आडवा पडून राहिला होता. सगळे त्याच त्या झाडांकडे जात होते.

बाईंनी कोरे कागद वाटले. व्हर्लने हात वर केला.

"बाई, ही पत्रं कोणीही वाचू शकतं ना?"

"कोणीही."

"म्हणजे झाडं गेलीच."

"झाडं जागेवरच राहतील. अर्विला तिथवर पोचेल की नाही, तेवढं ठरव."

व्हर्लने बराच वेळ पेनाचं टोपण चावलं. मग लिहिलं: "बॅजर ओढ्याचा रस्ता, टोकापर्यंत. तिथे आम्ही चिलगोजे वेचतो. माझ्या बायकोला चालवत नाही. गेलन, त्याची मुलं आणि अर्धा क्लब तिथे येतो. मला ठाऊक आहे, कारण त्यांना पाहून मी दरवर्षी लपतो. वरच्या चढावर गाड्या भलतीकडे जातात, तिथे दगड लावा. आम्ही येऊन लावू. रस्ता चालू ठेवा."

"आता झालं पत्र," बाई म्हणाल्या.

रस्ता राहिला. वापर भरपूर आहे असं सिद्ध झाल्यामुळे कार्यालयाने टोकाला एक शौचालय आणि झाडांकडे बाण दाखवणारी पाटीही लावली. हंगामात तिथे जत्रा भरली. अर्विला घडीच्या खुर्चीत बसून गेलनच्या बायकोशी तासन् तास बोलत होती. इतकी खूश तिला व्हर्लने क्वचित पाहिली होती. त्याच्या लाडक्या झाडाखाली मात्र गेलनची ताडपत्री अंथरलेली.

"जरा इंजिन गरम करून येतो," म्हणून व्हर्ल निघाला आणि पलीकडच्या घळीत वळला. तिथेही झाडं होती, चांगली लगडलेली. इतक्यात मागे धूळ दिसली. सवयीने त्याने जीप खडकामागे घातली.

तिथे लारूबाईंची गाडी आधीच उभी होती. बाई मांडीवर पिशवी घेऊन चिलगोजे निवडत होत्या.

"इंजिन बंद कर, व्हर्ल," त्या हळूच म्हणाल्या. "आणि खाली वाक."