नर्स येईपर्यंत

राजनंदिनीला गिळता येत नसे. नऊ वर्षांच्या त्या पोरीच्या पोटाला डॉक्टरांनी नळी बसवली होती आणि मिक्सरमधून काढलेली पातळ खिचडी सिरिंजने त्या नळीतून द्यावी लागे. स्वारगेटजवळच्या तिच्या विशेष शाळेत हे काम नर्सबाई करत. त्या नोकरी सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिका हेमा मॅडमनी वर्गशिक्षिका कल्याणीला केबिनमध्ये बोलावलं.

"नवी नर्स येईपर्यंत बघा ना तेवढं."

"मॅडम, मी शिकवायला आलेय. उद्या काही झालं तर?"

"मी आहे ना!"

कल्याणी पोरीच्या आईकडून, भाग्यश्रीकडून, सगळं शिकली. सिरिंज किती उंच धरायची, खोकला आला तर कसं थांबायचं. पहिले आठ दिवस तिला स्वतःचा डबा जाईना. नवी नर्स काही आली नाही. दोन वर्षं उलटली.

मग एका मंगळवारी, जेवण सुरू व्हायच्या आधीच, राजनंदिनीचा हात नळीत अडकला, हिसका बसला आणि नळी निघून आली. कल्याणीने स्वच्छ कापड दाबून धरलं, रिक्षा थांबवली आणि थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी नवी नळी बसवली. "वेळेत आणलंत. उशीर झाला की पोटावरचं छिद्र मिटायला लागतं," ते म्हणाले. लोणी काळभोरहून धावत आलेली भाग्यश्री तिच्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुम्ही होतात म्हणून!"

नळी निघाली कशी, म्हणून शुक्रवारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने कल्याणीला चौकशीला बोलावलं. हेमा मॅडम फाइलवरून नजर न उचलता म्हणाल्या, "शाळेने शिक्षकांना असलं काम कधीच सांगितलेलं नाही. यांनी हौसेने केलं."

"हौसेने?" कल्याणीचा आवाज चिरकला. "दोन वर्षं तुम्ही दारातून बघत होतात!"

"लेखी काही आहे का तुमच्याकडे?" एका विश्वस्तांनी विचारलं.

काहीच नव्हतं. त्यांच्याकडे मात्र होतं. 'माझ्या परवानगीशिवाय शिक्षिकेने नळी हाताळली.' खाली भाग्यश्रीची सही.

कल्याणी बाहेर आली तेव्हा भाग्यश्री फाटकापाशीच उभी होती. "सही नाही केली तर दुसरी शाळा बघा, असं मॅडम म्हणाल्या. मी कुठं नेऊ हिला, ताई?"

कल्याणीला ते पटलं, म्हणूनच जास्त लागलं. "एक फोन तरी करायचा होता मला," एवढंच ती म्हणाली.

तिला लेखी ताकीद मिळाली, वर्गही बदलला. भाग्यश्री रोज दुपारी बसने येऊन पोरीला भरवू लागली. पुढच्याच आठवड्यात साडेबाराला हेमा मॅडम दारात आल्या.

"त्यांची बस अडकलीय. आजच्या दिवस बघता का?"

कल्याणीने कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या."

"एवढ्याशा गोष्टीला?"

"ताकीद देताना एवढीशी नव्हती."

मॅडम निघून गेल्या. थोड्या वेळाने शेजारच्या वर्गातून राजनंदिनीचं भुकेचं कण्हणं ऐकू येऊ लागलं. कल्याणी दोनदा उठली, दोनदा बसली. फळ्यावर बेरजा लिहीत राहिली, त्याही चुकत गेल्या. सव्वा वाजता भाग्यश्री धापा टाकत जिन्याने वर आली. उघड्या दारातून तिने कल्याणीकडे पाहिलं. कल्याणीने मान फळ्याकडे वळवली.