टँकरची धून

मी टँकर चालवतो. पारनेरकडच्या वस्त्यांना उन्हाळाभर पाणी पोचवायचं आणि भरायच्या ठिकाणी नंबर येईपर्यंत बसून राहायचं, हे माझं काम. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटतात. मी मोबाईलवर संगीत बनवतो. जुन्या व्हिडिओ गेममध्ये टिंव टिंव वाजायचं ना, तसलं. पन्नाशीत हे खूळ कुठून शिरलं, असं बायको, ज्योती, रोज विचारते.

खूळ फुकटात शिरलं. ते बनवायचं सॉफ्टवेअर कुण्या परदेशी माणसाने तयार करून जगाला तसंच देऊन टाकलंय. जाहिरात नाही, वर्गणी नाही, शिकायची पुस्तिकाही फुकट. ती इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी 'हॉर्न ओके प्लीज'पुरतं. पण मोबाईल भाषांतर करून देतो, त्यावर निभावलं. फुकट ते पौष्टिक, असं आपण हसत म्हणतो. इथे ते खरंच निघालं.

वस्तीवर एक नियम आहे. टिपाडाशेजारी मालक उभा असेल तरच त्यात पाइप सोडायचा, नाहीतर एकाच घराची चार टिपाडं रांगेत लागतात. नियम मीच केलेला, आणि त्यात अडकली हाजराबी चाची. ती टोकाच्या घरात एकटी राहते. टँकरच्या वेळेचा भरवसा नाही, माझा हॉर्न चिरका, आणि बारीक आवाज तिला ऐकूच येत नाहीत. ती पोचेपर्यंत टँकर रिकामा. शेजारची बनुबाई हंडा देऊ करायची, तर चाची म्हणायची, "दुसऱ्याच्या हंड्यावर किती दिस काढू? माझ्या टिपाडापाशी मी हुबी ऱ्हाईन." कुणी बोलवायला गेलेलंही तिला खपत नसे.

म्हटलं, हॉर्नऐवजी धून वाजवू. केबिनच्या टपावर स्पीकर बांधला. पहिल्या दिवशी अशी झकास धून वाजली, की वस्तीतली पोरं वाट्या घेऊन धावत आली. त्यांना वाटलं कुल्फीवाला! चाचीचं दार मात्र बंदच. मला माझाच राग आला.

त्या सॉफ्टवेअरवाल्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे मी मोबाईलवर भाषांतर करून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'जुना रेडिओ' असं टोपणनाव घेतलेल्या कुणाचं तरी उत्तर आलं: म्हातारपणी आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, दोन सप्तकं खाली या, आणि घाई न करता सुरांमध्ये जागा सोडा. सोबत त्याने स्वतः घडवलेला एक जाड, घुमणारा आवाज पाठवला होता. हवा तसा वापरा, एवढंच खाली लिहिलेलं. ना खरं नाव, ना गाव.

त्या आवाजात धून नव्याने बांधली आणि सोमवारी वस्तीच्या वळणावर लावली. चाचीचं दार उघडलं. काठी टेकत ती सगळ्यांच्या आधी आली आणि आपल्या टिपाडावर हात ठेवून उभी राहिली.

"रोज चोरावानी गुपचूप येतोस, आज बरा वाजतगाजत आलास!" तिने मलाच झापलं.

मी पाइप सोडला. टिपाड काठोकाठ भरलं.

"हे कुनी शिकवलं रं, बजरंगा?"

"हाय कुनीतरी, कुठला ते ठावं न्हाई, चाची. काय बी न घेता दिलं त्यानं. मी तोंड बी न्हाई पाहिलं त्याचं."

चाचीने टिपाडातून पहिला तांब्या भरला. मला वाटलं, घरात नेईल. तिने तो माझ्यापुढे धरला.

"मग त्याला पानी कोन देनार? त्याच्या वाटचं तू पी."

रोज हजारो लिटर वाहणारा मी. तो तांब्या दोन्ही हातांनी धरला. एक थेंब न सांडता प्यालो.

संध्याकाळी गटावर धून ठेवली, हवी तशी वापरा असं लिहून. 'जुना रेडिओ'साठी खाली एक ओळ लिहिली: "चाचीने तुम्हाला पाणी दिलं. तुमच्या वाटचं मी प्यालो."