कुलुपापर्यंतचा खेळ

शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले माधवराव कीर्तनाला तबल्याची साथ करत. भिवंडीपासून दिघाशीपर्यंत कुठलंही देऊळ घ्या, बुवांच्या बाजूला हा माणूस बसलेला असायचाच. पावसाळ्यात धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरताना पाय सरकला आणि डावं मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, पण हातात जीव येईना. डाव्या हाताच्या डग्ग्यावर पंजा ठेवला की तो दुसऱ्याच कुणाचा वाटे. आणि इकडे दत्तजयंती तोंडावर आली. दिघाशीला सुश्रुतबुवांचं कीर्तन होतं; साथीला बसणार की नाही, हे माधवरावांनी त्यांना गुरुवारी कळवायचं होतं.

बोटांना चाळा हवा म्हणून जोहानं त्यांच्या टॅबवर पिनबॉल घालून दिला. जोहा म्हणजे शेजारच्या लूमवाल्या कासमशेठची नात, फिजिओथेरपी शिकणारी. खेळ तसा सोपा. उतरत्या टेबलावर पोलादी गोळी वर उडवायची. ती खुंट्यांवर, घंट्यांवर आपटत खाली येते. खाली डावी-उजवी अशा दोन पट्ट्या, त्यांनी तिला परत वर टोलवायचं. पडद्याच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं की डावी पट्टी उडते.

"अरे, हे तर आपलं बागाटेल!" कासमशेठ म्हणाले. "फळीला खिळे ठोकून गोट्या सोडायचो ते. आता काचेत जाऊन बसलं."

माधवरावांनी टॅब चौरंगावर आडवा ठेवला, मांडी घातली, डाव्या तळहाताची टाच कडेला टेकवली आणि पट्टीवर ठेका धरला. गोळी खाली असो, वर असो, बोटं आपली चालूच.

"काका, बॉल खाली आला की मारायचं," जोहा हसायला लागली. "तुम्ही तर भजनच धरलंत."

"मधे रिकामं कसं सोडायचं गं? साथ तुटते."

फुकटात हा खेळ ठरावीक गुणांपर्यंतच चाले. तिथे पोचलं की गोळी जागच्या जागी थांबे आणि पडद्यावर कुलूप येई, खाली इंग्रजीत पाटी. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माधवरावांनी पाटी वाचलीच नाही. त्यांना वाटलं, मध्यंतर झालं! कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण झालं, की बुवा थांबतात. कुणी हार घालतं, कुणी बुक्का लावतं, आरतीचं ताट फिरतं, साथीदार घोटभर पाणी पितात, आणि मग उत्तररंगाचं आख्यान उभं राहतं. माधवरावही पाणी प्यायले आणि मनगट चोळत गोळी हलायची वाट बघत बसले.

"अहो, काय बघताय एवढं?" त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाईंनी विचारलं.

"थांबलंय. होईल आता सुरू."

चहा होऊन कप विसळून झाले तरी गोळी तिथेच लटकलेली. शेवटी जोहानं सांगितलं, पुढचं टेबल विकत घ्यावं लागतं. नाहीतर पहिल्यापासून खेळा. माधवराव पहिल्यापासून खेळू लागले. रोज. आणि रोज संध्याकाळी गॅलरीतून शेजारी हाक जाई, "कासमशेठ, आजही कुलुपापर्यंत!"

"मग घेऊन टाक ना बाबा पुढचं! पेढ्याच्या पुड्याहून स्वस्त पडेल. इतनी कंजूसी?"

"खेळण्यावर पैसे घालू या वयात? देव काय म्हणेल?"

"देवाला कशाला मधे घालतोस? कंजूस तू."

बुधवारी जोहा हात बघायला आली. बोटं एकेक दाबून तिनं विचारलं, "काका, खेळताना हात कधी थकतो?"

"थकतच नाही."

"थकेल कसा? थकायच्या आधी खेळच थांबतो."

खरं तर हे माधवरावांना ठाऊक होतं. कुलूप यायच्या जरा आधी करंगळी ताठ होऊ लागे, आणि कुलूप दिसलं की त्यांना सुटल्यासारखं वाटे. पैशांचं निमित्त होतं. पुढे काय होतं, ते बघायचंच नव्हतं.

"घे विकत," ते म्हणाले.

जोहानं त्यांच्याच फोनवरून पैसे भरायला लावले. कुलूप गेलं. कासमशेठही येऊन टेकले. नेहमीचा आकडा ओलांडून गोळी पुढे गेली, नवे दिवे लागले, एकाच्या दोन गोळ्या झाल्या आणि दोन्ही धावत खाली येऊ लागल्या. उजवी पट्टी चोख उडत होती. डावी मात्र आधी किंचित, मग चांगलीच मागे पडायला लागली. गोळ्या डावीकडूनच निसटत होत्या, एकामागून एक. करंगळी वाकेना.

"बास," त्यांनी हात उचलला.

"उजवा अजून शेर आहे," कासमशेठ हळूच म्हणाले.

माधवराव मनगट धरून बसले. पूर्वरंगाची संथ पदं हात निभावून नेईल. पण आख्यानात पदं चढत जातात. दत्तजन्माच्या ऐन प्रसंगी ठेका ढासळला, तर सगळी सभा देवाकडून वळून तबल्याकडे बघेल. एवढं मनात आलं आणि त्यांचं ठरलं. गुरुवारची वाट न बघता त्यांनी बुवांना फोन लावला.

"बुवा, पूर्वरंगाला मी बसतो. पुढं सुकन्या."

सुकन्या त्यांची शिष्या, दापोड्याच्या गोदामात नोकरीला.

"साथीदार मधेच बदलायचा?" सुश्रुतबुवा विचारात पडले.

"तुम्हाला हार घालतात ना, तेवढ्यात बदलू. हाताचं म्हणाल तर तो अर्ध्यातच राहतो, बुवा. आज बघितलं."

बुवा म्हणाले, "मग त्या पोरीलाही बुक्का लावू. आणि तुम्ही काय करणार तेव्हा?"

"ऐकणार! इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसलो. डोळा तुमच्या हाताकडे, कान टाळांकडे. आख्यान समोर बसून कधी ऐकलंच नाही मी."

मग त्यांनी सुकन्याला फोन लावला. ती शिफ्टवर होती. पलीकडे ट्रक मागे घेतल्याचा आवाज चालला होता. सगळं ऐकून ती ओरडूनच बोलली, "सर, समोर बसून माझ्या चुका मोजणार असाल तर मी येत न्हाय!"

"पुढं नाही गं बसत. मागं बसतो, बायकांच्या पलीकडे."

"माझ्या शेजारी बसा की," विद्युल्लताबाई आतून म्हणाल्या. "आजवर एका तरी कीर्तनात बायकोजवळ बसलात?"