बाटलीवरची खरवडलेली चिठ्ठी

मित्रांनो, चिखलीतल्या एका घराच्या फडताळात उभी असलेली मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. आता माझ्यात रॉकेल असतं. माझा जन्म काचेच्या कारखान्यातला, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं एकोणीसशे अठ्ठावन्न साली, पुण्याच्या एका मनोविकारांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी माझ्यात लिथियमचं औषध भरलं आणि मला गवराबाईच्या हाती दिलं.

तिचा नवरा सयाजी चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर होता. हात असा स्थिर, की नाजूक काम फोरमन त्याच्याच पुढ्यात टाकायचा. पण वर्षातून एकदा त्याचं डोकं उधळायचं. झोप नाही, बोलणं थांबायचं नाही. मग महिनामहिना भिंतीकडे तोंड. माझ्या औषधाने तो ताळ्यावर आला. गवराबाई मला देवाशेजारी ठेवू लागली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही चढला होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "मीठ तोडायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय दुसरं औषध याच्या जोडीला द्यायचं नाही." माझ्या चिठ्ठीवरही तेच लिहिलं होतं. पण सयाजीच्या बहिणीची, शालनची, सोयरीक जुळत आली होती. घरात वेडाचं औषध आहे हे कळलं तर पाहुणे मागे फिरतील, म्हणून गवराबाईने काथ्या आणि राख घेऊन माझी चिठ्ठी घासून काढली. सयाजी बघत होता.

लग्न महिन्यावर आलं आणि त्याची झोप पुन्हा उडाली. त्या गडबडीत पुणं कुठलं गाठायचं? गवराबाईने त्याला चिंचवडच्या दवाखान्यात नेलं, पिशवीत मलाही घेतलं. डॉक्टरांनी मला उचलून विचारलं, "यात काय आहे? कशावरचं औषध?"

शेजारीच कंपाउंडर हिंदुराव पुड्या बांधत होता. तो चिखलीचाच, त्याच्या कानावर गेलं की गावभर होणार. गवराबाई पदर सावरत म्हणाली, "शक्तीचं हाय जी. दुसरं काय न्हाई."

मित्रांनो, तोंडाला बूच असलेल्याने काय करावं?

डॉक्टरांनी मन शांत करणाऱ्या नव्या गोळ्या दिल्या. गवराबाई दोन्ही औषधं वेळच्या वेळी देऊ लागली. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, हात कापू लागले, जीभ जड झाली. लेथपाशी झोकांड्या खाताना बघून फोरमनने त्याला दारुडा ठरवून घरी धाडलं. "दम धरा, लागू पडंल औषध," म्हणत गवराबाईने माझं बूच पुन्हा काढलं. माझ्याच पोटातलं औषध चमच्यात पडलं. सातव्या दिवशी तो हाकेला ओ देईना, तेव्हा त्याला पुण्याला नेलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला लगेच ओळखलं. "ही दोन्ही औषधं एकत्र दिली? चिठ्ठी कुठं गेली हिच्यावरची?"

सयाजी जगला. लग्नही ठरल्या दिवशी, ठरल्या घरी झालं. पाहुण्यांना कशाचा पत्ता नव्हता. पण सयाजीच्या अक्षता बहिणीपर्यंत पोचल्याच नाहीत. कापऱ्या बोटांतून त्या त्याच्याच पायांवर सांडल्या.

लेथवर आता दुसरा माणूस आहे.

मित्रांनो, दुखणं मनाचं असलं तरी ते दुखणंच. घरातलं प्रत्येक औषध डॉक्टरांपुढे मांडा, मग शेजारी आपल्या गावचं कोणीही उभं असो. गवराबाई रोज दिव्यात रॉकेल भरते, तेव्हा चिठ्ठीच्या जागी अंगठा फिरवते. तिथं डिंकाचा खरखरीत डाग राहिलाय. तो काही निघत नाही.