हळदीच्या वखारीतला संशयित

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. चिनी मातीचा पांढरा देह आणि पोटात केसाएवढी बारीक तार, एवढाच माझा संसार. विजेचा भार वाढला, की ती तार वितळून वीज तोडायची, हे माझे काम.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर सांगलीच्या लालासाहेबांनी लष्कराच्या लिलावातून एक विजेची मोटार आणली आणि हळदीच्या वखारीचे लोखंडी दार तिच्यावर चालवायचे ठरवले. पलटणीत वीजकाम शिकलेल्या पाटणच्या आकारामने सगळी जोडणी केली. मोटारीकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेवर त्याने मला बसवले. दार वर सरकले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातून फुललो.

पण महिन्याभरात मी रोज उडू लागलो. लालासाहेबांना आकारामचा संशय आला.

"परत परत बोलावणं यावं म्हणून मुद्दाम बारीक तार घालतोस व्हय?"

"न्हाई मालक. दार कुठंतरी अडतंय. मोटारीला जड जातंय."

"काल दोनदा तपासलंस. घावलं का काय?"

वखार झाडणारी अंबूबाई रोजच्यासारखी पुन्हा म्हणाली, "आवं मालक, दार डावीकडं कण्हतंय." तिच्याकडे कुणी वळूनही पाहिले नाही. खरे सांगू? मलाही माझाच संशय येऊ लागला होता. माझीच तार कच्ची तर नसेल?

लालासाहेबांनी आकारामला कामावरून काढले. त्यांच्या हुकमाने मुकादम केरबाने माझ्या पोटात तांब्याची जाड तार घातली. आता मी उडत नव्हतो. सगळे खूश होते. माझे मात्र तोंड बांधल्यासारखे झाले होते.

चौथ्या दिवशी दुपारी अंबूबाई आणि तीन बाया आत हळद निवडत होत्या. मागचे दार पोत्यांनी अडलेले होते. केरबाने बाहेरून बटण दाबले. दार वीतभर उचलले गेले आणि अडकले. मोटार घुमू लागली, तापली, धूर ओकू लागली. मला तुटायचे होते, पण जाड तार वितळेना. मोटारीतल्या ठिणग्या गोणपाटावर पडल्या आणि ते पेटले.

आपली हत्यारे न्यायला आलेला आकाराम धावला. त्याने आधी मेन स्विच खाली ओढला, मग दार हाताने उचलायच्या साखळीला हात घातला. दार हलेना.

"आत कुणी हाय का? डावीकडं बघा!"

"सुतळी हाय रं! चाकाला गुंडाळलीया!" धुरातून अंबूबाई ओरडली. तिने विळ्याने सुतळी कापली आणि आकाराम व केरबाने साखळी ओढली. चारही बाया खोकत बाहेर आल्या. पाण्याने आग विझली. मोटार जळून गेली.

लालासाहेब मान खाली घालून म्हणाले, "आकाराम, आता तूच सांग काय करायचं ते."

"मला काय इचारता? अंबूबाईस्नी इचारा. त्या पंधरा दिस सांगत हुत्या."

नवी मोटार आली आणि आकारामने माझ्या पोटात पुन्हा योग्य मापाची बारीक तार घातली. त्यानंतर रोज सकाळी अंबूबाई दाराची चाके फिरतात ती खोबण साफ करी आणि "चालू करा" म्हणे. मगच बटण दाबले जाई.

मित्रांनो, मी उडालो तर चिडू नका. आधी मेन बंद करा, भार का वाढला ते शोधा, मगच योग्य मापाची तार घाला. लालासाहेबांचा संशयी स्वभाव काही गेला नाही. दर आठवड्याला मेन बंद करून ते मला स्वतः बाहेर काढतात आणि तार जाड तर नाही ना, हे चष्मा लावून पाहतात. त्या संशयाचा मला मुळीच राग येत नाही.