मंजुलाबेनच्या मापाची फुलं

मातीचं फूल भट्टीत फुटलं तर एकटं फुटत नाही, शेजारच्या चार फुलांना घेऊन जातं. माझ्या पहिल्याच खेपेला असं झालं आणि संपदा मॅडमनी सगळ्या क्लाससमोर मला सांगितलं, "गर्ट्रूड, तुम्ही नीट सुकवलं नाही." मॅडम बाई चांगल्या आहेत. भाईंदर पश्चिमेला त्यांचा सिरॅमिकचा क्लास आहे, स्वतःची विजेची भट्टी आहे. पण सुकवण्यावरून कुणी मला बोललेलं मी ऐकून घेत नाही. लग्न होऊन तारोडीच्या कोळीवाड्यात आले त्याला बत्तीस वर्षं झाली आणि बत्तीस वर्षं मी बोंबील सुकवतेय.

पुढच्या खेपेपासून मी फुलं घरीच करायला घेतली. आमच्या अंगणात बोंबलांच्या वलांड्या आहेत, म्हणजे बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकतात. बाजूला मांदेली पसरायची माच आहे, बांबूंवर जुनं जाळं ताणून केलेली. त्या माचेवर मी ओली फुलं ठेवली आणि वर गोणपाटाची सावली केली. लादीवर ठेवलेलं फूल वरून सुकतं आणि बुडाशी ओलं राहतं, तेच भट्टीत फुटतं. जाळ्यावर वारा खालूनही लागतो. मग फूल गालाला लावून बघायचं, गार लागलं तर आत पाणी आहे. तेव्हापासून माझं एकही फूल फुटलेलं नाही आणि मॅडम आता नव्या बायकांना सांगतात, गर्ट्रूडना विचारा.

डिसेंबरात जिनलचा फोन आला. माझी मुलगी टॅनिया, तिने इन्स्टाग्रामवर माझ्या फुलांचे फोटो टाकले होते, ते बघून. जिनल भाईंदर पश्चिमेलाच राहते. त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता आणि हॉलची नऊ फुटांची एक भिंत तिच्या सासूबाईंना, मंजुलाबेनना, फुलांनी सजवायची होती. खरी फुलं चालत नव्हती.

"मम्मी फूल तोडने नहीं देती, आंटी," जिनल म्हणाली. "बोलती है उसमें भी जीव है."

प्लॅस्टिकची त्यांना आवडत नाहीत, चित्र नको होतं. हाताने केलेली मातीचीच पाहिजेत. मला हसूच आलं. फुलाला दुखेल म्हणणारी ती बाई, आणि फुलं करून देणार कोण, तर रोज कोयत्यावर मासे चिरणारी मी.

माप घ्यायला गेले तेव्हा मंजुलाबेन कच्छला गेल्या होत्या. बिल्डिंगच्या गेटपाशी पोचल्यावर मला गल्ली ओळखू आली. वीस वर्षांपूर्वी तिथे बैठी घरं आणि एक चारमजली इमारत होती आणि मी सुक्या मासळीची पाटी घेऊन तिथून जायचे. सगळी शाकाहारी वस्ती, आत जाऊन विकायचा प्रश्नच नव्हता, नुसती वाट जवळची म्हणून जायचे. तरी वॉचमन काठी आपटायचा आणि वरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आता त्याच जागी सोळा मजले होते आणि वॉचमनने माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं. मला फार बरं वाटलं. ही भिंत आपल्या हातून झालीच पाहिजे असं मी त्या लिफ्टमध्येच ठरवलं. भाव, ऑर्डर, नाव ते सगळं नंतर.

भिंतीवर खाकी कागद चिकटवून मी त्यावर एकेक फूल काढलं. जास्वंद, सोनचाफा, अनंत, तगर, मोगऱ्याचे झुबके, एकूण एक्केचाळीस. दारातून आत येणाऱ्याला डावीकडून वेल चढत गेल्यासारखी दिसली पाहिजे अशी मांडणी केली. माती भट्टीत आकसते, म्हणून कागदावरच्या मापापेक्षा प्रत्येक फूल थोडं मोठं करायला लागतं. दीड महिना मी तेच केलं. बोंबलांचा हंगाम जोरात होता. सकाळी वलांड्या, दुपारी फुलं. मॅन्युएल, माझा नवरा, म्हणायचा, "गर्ट्रूड, जेवाचं काय हाय का फुलाच खावाची?" मी त्याला पेज वाढायचे.

सगळं छान चाललं होतं, तोवर टॅनियाने व्हिडिओ टाकला. माझी फुलं माचेवर, मागे समुद्राचा वारा, आणि फुलांच्या डोक्यावर दोनशे बोंबील तोंडं उघडी टाकून लटकलेले. वर गाणं लावलेलं. पोरीला त्यात काही गैर दिसलं नाही, दिसणार तरी कसं? ती त्या बोंबलांखाली रांगली आहे.

फुलं लावायच्या आदल्या दिवशी जिनलचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"आंटी, मम्मीने वो वीडियो देख लिया. वो पूछेगी. आप प्लीज बोल देना कि पुराना है, दूसरी जगह का है."

टॅनियाने व्हिडिओ लगेच काढून टाकला आणि मला म्हणाली, "आये, बोल ना तसा. भट्टीत जाऊन आलेल्या फुलात काय रेतंय?"

ते खरंच होतं. हजार अंशांत गेल्यावर फुलात ना मासा उरतो ना वास. मग खोटं बोलायला काय हरकत होती? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी रिक्षातून फुलांचे सहा खोके घेऊन पोचले. जिनलच्या सुताराने माझ्या कागदावरून एक्केचाळीस स्क्रू आधीच मारून ठेवले होते. मंजुलाबेन सोफ्यावर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरी साडी, चष्मा. चाळीस वर्षं भाईंदरला राहिल्यामुळे मराठी बरं बोलत होत्या. मी पहिलं फूल हातात घेतलं आणि त्यांनी विचारलं.

"बेन, ते व्हिडिओत मच्छी होती ना, ते तुमचं घर?"

"नाही हो," मी म्हटलं. "ते शेजारचं."

फूल लावलं, दुसरं घेतलं. दहा-बारा फुलं झाल्यावर त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे तुम्ही मच्छीचं काम नाही करत?"

"आता नाही करत," मी म्हटलं. माझ्या नखांत सकाळचा खवला होता. मी हात वळवून फूल लावलं.

पुढे दीड तास मी फुलं लावत राहिले. वेल डावीकडून चढत गेली. शेवटचा मोगऱ्याचा झुबका लावून मी मागे आले आणि खरं सांगते, माझा मलाच अभिमान वाटला. मंजुलाबेन एकेका फुलाला बोट लावत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. तगरीपाशी थांबल्या. "आमच्या कच्छच्या घरी होती," म्हणाल्या. "माझी सासू पडलेली फुलं वेचायची, झाडावरची नाही." मग त्यांनी माझा हात हातात घेतला, तोच, नखात खवला असलेला.

"मला तुमचं घर बघायचं. जिथे एवढं सुंदर काम होतं, ती जागा बघायची. रविवारी येऊ? तुम्ही कुठे सुकवता ते दाखवाल ना?"

जिनल त्यांच्या मागून मला मान हलवून नको नको करत होती. सांगायला काय, घर लहान आहे, रविवारी चर्चमध्ये मिस्सा असते, काहीही चाललं असतं. पण मला एकदम बायबलातला पेत्र आठवला. प्रभूला ओळखत नाही म्हणून तीनदा बोलला तो, आणि तोही आपल्यासारखाच मासे धरणारा. माझं दोनदा झालं होतं. ज्या बोंबलांनी टॅनियाचं शिक्षण केलं, घराचा स्लॅब टाकला, ते मी दोनदा शेजारणीचे करून टाकले होते. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही किती वेळ?

"मंजुलाबेन, ते घर माझंच आहे," मी म्हटलं. "वलांड्या माझ्या, बोंबीलही माझे. ही फुलं मांदेलीच्या माचेवर सुकली. आज सकाळी दोन पाट्या बोंबील दोरीवर टाकूनच मी इथे आले."

त्यांनी माझा हात सोडला. झटकला नाही, सोडला. मग जाऊन सोफ्यावर बसल्या.

"मम्मी, हजार डिग्री में जाता है सब," जिनल म्हणाली. "कुछ नहीं बचता."

"मला समजतं ते," मंजुलाबेन म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून बोलल्या, "फूल भट्टीत जाऊन आलं, बेन. माझं मन नाही गेलं भट्टीत. रोज सकाळी मी इथे बसून नवकार मंत्र म्हणणार आणि मला ते लटकलेले जीव दिसणार. मी काय करू?"

मला राग आला. वीस वर्षांपूर्वीच्या सगळ्या खिडक्या पुन्हा बंद झाल्यासारखं वाटलं आणि घशाशी चांगलं तिखट वाक्यही आलं होतं.

"खोटं कशाला बोललात आधी?" त्यांनी विचारलं.

"मला माझी फुलं इथे राहायला पाहिजे होती म्हणून," मी म्हटलं, आणि तिखट वाक्य राहूनच गेलं, कारण रडू फुटलं.

मी फुलं काढायला लागले. तिसरं फूल काढून मागे वळले तर मंजुलाबेन पुढ्यात उभ्या होत्या, दोन्ही हात पुढे करून. मी फूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कपाटातून धुऊन मऊ झालेल्या त्यांच्या दोन सुती साड्या काढल्या होत्या. त्या साड्या फाडून त्यांनी एकेका तुकड्यात एकेक फूल गुंडाळलं आणि खोक्यात ठेवलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. जिनलने पैसे घ्या म्हणून फार आग्रह केला, मी घेतले नाहीत. भिंतीवर नुसते स्क्रू राहिले.

घरी मॅन्युएल म्हणाला, "आता या फुलांचा काय करायचा?" दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता आली असती. टॅनियाने दोन जणांना विचारलंही होतं. मी म्हटलं, ड्रिल आण. आमच्या घराची समोरची भिंत सहा फुटांची, मध्ये खिडकी. वेल खिडकीपाशी मोडायला लागली, सोनचाफा दाराच्या वर गेला, पाच मोगरे बाजूच्या भिंतीवर न्यावे लागले. टॅनियाने भिंतीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, गावातल्या बायका बघून गेल्या. चांगलं दिसतंय म्हणाल्या, आणि दिसतही होतं. मला मात्र प्रत्येक फूल कुठे असायला हवं होतं ते ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मिस्सेहून आले तर दारात रिक्षा उभी. जिनल बाहेर उतरलेली, मंजुलाबेन आत बसलेल्या. वलांड्या भरलेल्या होत्या, दुपारचं ऊन होतं, वास काय असेल ते मी सांगायला नको. मी काही झाकलं नाही. झाकण्यासारखं राहिलंही नव्हतं.

मंजुलाबेन नाकाला पदर लावून उतरल्या. बोंबलांकडे न बघता, मान खाली घालून, दोन वलांड्यांच्या मधल्या वाटेने सरळ भिंतीपर्यंत आल्या. मॅन्युएलने खुर्ची आणून ठेवली. बसल्या. पाव तास तशाच बसून राहिल्या, पदर नाकाला आणि डोळे वर. टॅनियाने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. मीही आग्रह केला नाही.

उठताना त्यांनी खिडकीशी मोडलेल्या वेलीकडे बोट केलं.

"माझ्या भिंतीवर जास्त चांगली दिसली असती," पदराआडून म्हणाल्या.

"माहीत आहे मला," मी म्हटलं.