गुळगुळीत कड

कॉम्प्युटरचं सगळं सामान घरी येऊन पडलं होतं, राहिलं होतं ते फक्त कॅबिनेट. नवऱ्याने प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड घेताना हात सैल सोडला होता, त्यामुळे कॅबिनेटच्या वेळी हात आखडता घेणं आलंच. शेवटी पत्र्याचा डबाच तो, असं तो बसमध्ये दोनदा म्हणाला. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची. वाद घालायचा तर आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि ते वाटणंच बंद पडलं होतं.

कॉम्प्युटर खरं तर तिच्याच कामासाठी ठरला होता. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या करायची. टोपीची कड हिरडीला टोचेल की नाही, हे ती भिंगापेक्षा बोटाने बघायची. भिंगाखाली निर्दोष दिसलेली टोपी तिच्या तर्जनीखालून परत जायची, आणि परत पाठवताना ती करणाऱ्याला चार शब्द सुनवायचीही. म्हणून लॅबमध्ये तिला कडकबाई म्हणत. नाव तिला मनातून आवडायचं, पण तसं ती कुणाला कळू देणार नव्हती.

मग आजारपण आलं. केमो झाली, गाठ गेली, केससुद्धा परत आले. बोटांच्या टोकांतली जाणीव मात्र औषधांनी नेली ती नेलीच. बऱ्याच जणांची परत येते, काहींची येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लॅबच्या मालकाने निरोप पाठवला की टोप्यांचे आकार आता कॉम्प्युटरवरच आखतात, तेवढं घरी बसून करा, पगार तोच राहील. माणूस भला होता. तिला मात्र ते ऐकून आपल्याला माळ्यावर टाकल्यासारखं वाटलं. नवऱ्याने उत्साहाने सामान मागवायला सुरुवात केली, आणि तिचा धीर सुटत चालला. एका सकाळी गरम कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, आज चटका बसतोय.

खोटं होतं ते. पण ऐकून नवऱ्याचा चेहरा असा काही उजळला की शब्द मागे घ्यायची सोयच उरली नाही. त्याने आपल्या बहिणीला फोन केला, मग तिच्या भावाला, मग ज्यांनी विचारलंही नव्हतं अशांना. सोमवारपासून तिने लॅबमध्ये जायचं पक्कं झालं. सामान आलंच आहे तर कॉम्प्युटर घराला होईल, असं त्याने ठरवून टाकलं.

दुकान अरुंद होतं आणि छतापर्यंत खोके रचलेले होते. दुकानदाराने काउंटरवर तीन कॅबिनेटं मांडली. पहिल्याला काचेची बाजू आणि आत रंगीत दिवे. दिवे फुकट आहेत म्हटल्यावर नवरा विरघळला होता, पण किंमत ऐकून भानावर आला. दुसऱ्यात कार्ड बसेना, टेप लावून बघितलं तर बोटभर जागा कमी पडत होती. उरलं तिसरं, पांढरं, साधं, पुढे हवेसाठी जाळी असलेलं आणि सगळ्यांत स्वस्त. दुकानदार सरळ माणूस, त्याने आधीच सांगून ठेवलं की या किमतीत पत्र्याच्या कडा आतून नीट घासलेल्या नसतात, जोडताना हात सांभाळा.

नवऱ्याची छाती फुगली. "कडा ना? मग आमच्या हिलाच दाखवा. हिच्यासारखं बोट शोधून सापडायचं नाही."

आता माघार कशी घेणार? तिने हात आत घातला. जिथून वायरी जातात त्या कडेवर तर्जनी टेकवली, डोळे अर्धे मिटले, मान किंचित कलती केली आणि बोट सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. सगळं अगदी पूर्वीसारखं जमलं. फक्त बोटाकडून काहीच खबर आली नाही.

"गुळगुळीत आहे," ती कडकबाईच्या आवाजात म्हणाली. "चांगली घासलीय. हेच घ्या." म्हणताना क्षणभर तिला स्वतःलाही ते पटलं.

दुकानदार पांढऱ्या पत्र्याकडे बघत होता. कडेवर एक लाल रेघ उमटली होती आणि कोपऱ्यातून खाली ओघळत होती. नवऱ्याला उमगायला जरा वेळ लागला.

"अगं, हात काढ," तो हळू म्हणाला.

तिने हात बाहेर काढला. बोट चांगलंच कापलं होतं. दुसऱ्या कुणाचं असावं तसं ती त्याच्याकडे बघत राहिली. लाज वाटायला हवी होती, भीती तरी, निदान रडू यायला हवं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. दुखलं असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच तिला वाटलं.

दुकानदाराने कागदी रुमाल पुढे केले आणि पट्टी शोधायच्या निमित्ताने तो आत गेला.

"तुला कळलंच नाही?"

"नाही."

"पण त्या दिवशी तो कप..."

"कपसुद्धा नाही कळला."

नवरा चिडला नाही. त्याने कागदाने पत्र्यावरचं रक्त पुसलं, निघालेलं होतं तरी पुन्हा पुसलं. इतक्या जणांना केलेले फोन बहुधा त्याला एकेक करून आठवत असावेत.

"मग सोमवारी?" त्याने विचारलं.

"सोमवारी नाही जात."

"मग मंगळवारी जा. एखाद दिवस इकडे तिकडे झाला तर काय बिघडतंय."

"अहो, आता नाहीच जायचं." तिचा आवाज जराही हलला नाही. "ती टोपी कुणाच्या तरी तोंडात जाते. हे बोट फिरवून मी कशी पाठवू?"

बाहेर आलेल्या दुकानदाराला नवऱ्याने हेच कॅबिनेट बांधायला सांगितलं, आणि आतलं जोडायचं काम मी करणार, असंही सांगितलं, जणू दुकानदारानेच विचारलं होतं. मग त्याने तिचा हात आपल्याकडे ओढून घेतला, बोटाभोवती कागद गुंडाळला आणि दाबून धरला. ती खाली बघत होती. तो किती जोरात दाबतोय, हे तिला त्याच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवरून कळलं.